विहिरीतला तांबडा पट्टा: सोलापूरच्या जमिनीखालचा काळ

सीनाकाठ (धागाकर्ता)

मोहोळ तालुक्यात सीना नदीपासून थोड्या अंतरावर आमची जमीन आहे. तेथील वडिलोपार्जित विहीर या उन्हाळ्यात आणखी खोल करावी लागली. वरची तीन फूट काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे मिसळलेला पिवळट मुरूम, त्यानंतर पहारीला दाद देणारा, भोकाभोकांचा मांजऱ्या दगड आणि मग सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण, हा क्रम आमच्या भागात विहीर पाडलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. बेचाळीस फुटांवर मात्र त्या पाषाणाचा तळ संपला आणि विटेच्या रंगाचा, वीतभर जाडीचा एक पट्टा विहिरीच्या चारही अंगांना सलग दिसू लागला. त्याच्याखाली पुन्हा मांजऱ्याच होता. मुकादम म्हणाले, "गेरू लागला. एक मजला संपला, आता खालचा सुरू."

मी त्या पट्ट्यातला एक ढेकूळ घरी आणला. कोरडा असताना तो नखाने खरवडता येतो; पाण्याचे दोन थेंब टाकून बोटांत चोळला की साबणासारखा बुळबुळीत लागतो आणि बोटांवरचा तांबडा रंग दोन दिवस जात नाही. त्याच्या लगत खाली मिळालेल्या मांजऱ्याच्या तुकड्यात वाटाण्याएवढी असंख्य भोके आहेत आणि त्यांतली बहुतेक पांढऱ्या चकचकीत स्फटिकांनी भरलेली आहेत. आम्ही लहानपणी त्यांना सरसकट गारगोट्या म्हणत असू.

सोलापूरच्या जमिनीत काळ्या दगडाशिवाय काही नाही आणि काळ्या दगडाला इतिहास नसतो, अशी माझी समजूत होती. या पट्ट्याने ती डळमळीत केली आहे. दोन काळ्या थरांच्या मध्ये माती असेल, तर वरचा थर येण्याआधी तेथे ती तयार व्हायला कोणीतरी सवड दिली असली पाहिजे. ती सवड किती होती आणि त्या काळात येथे काय जगत होते, हे जाणकारांनी सांगावे, यासाठी हा धागा.

खडकवाचक

आपल्या मुकादमांनी वापरलेला 'मजला' हा शब्द इतका नेमका आहे, की तो वर्गात वापरला नाही याची मला आता खंत वाटते. ज्याला आपण डेक्कन ट्रॅप म्हणतो त्यातील 'ट्रॅप' हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आला आहे. एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांची झीज होऊन डोंगरांना जिन्यासारखा आकार येतो, म्हणून ते नाव पडले. हे थर आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत आणि झीज होण्यापूर्वी त्याहून बरेच अधिक असावेत.

प्रत्येक मजल्याची रचना साधारण ठरलेली असते. लाव्हा पसरला की त्यातील वायू वर येऊ पाहतात आणि वरचा भाग लवकर थिजल्यामुळे बुडबुड्यांच्या स्वरूपात तेथेच अडकतात. हा आपला मांजऱ्या. मधला व खालचा भाग सावकाश निवतो, म्हणून तो घट्ट होतो. हा आपला काळा पाषाण. पुढे हजारो-लाखो वर्षे झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत झिओलाइट गटातील खनिजे साठवली. आपल्या तुकड्यातील पांढरे स्फटिक बहुधा त्यांपैकी स्टिल्बाइट किंवा ह्यूलँडाइट असावेत. खरी गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ; ती काचेवर ओरखडा काढते, ही खनिजे काढत नाहीत. घरच्या घरी पडताळून पाहता येईल.

तांबडा पट्टा म्हणजे खालच्या मजल्याची गच्ची. एक लाव्हाप्रवाह थिजल्यानंतर उद्रेक थांबले, पाऊस पडला, खडक कुजू लागला, त्यातील लोह गंजले आणि माती तयार होऊ लागली. मग पुढचा प्रवाह आला आणि त्याने ती माती खालून वर नव्हे, तर वरून खाली भाजली. अशी विश्रांती शतकांच्या नव्हे, हजारो वर्षांच्या हिशेबात मोजावी लागते आणि प्रत्येक पट्ट्याची वेगळी असते. म्हणजे आपल्या विहिरीच्या भिंतीत काळ मोजायचा झाला, तर चाळीस फूट पाषाणापेक्षा वीतभर पट्ट्यात तो अधिक असण्याची शक्यता आहे. जाड थर काही महिन्यांत किंवा वर्षांत साचू शकतो. पातळ थराला मात्र वेळ लागतो. हा धागा वाचणाऱ्यांनी एवढीच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ झाले.

या सर्व उद्रेकांचा मुख्य भाग ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास, सुमारे दहा लाख वर्षांच्या आत उरकला. त्या वेळी ही भूमी आज आहे तेथे नव्हती. मादागास्करपासून सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी सुटलेला भारताचा तुकडा विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता, वर्षाला १५ सेंटिमीटरहून अधिक वेगाने उत्तरेकडे सरकत होता आणि आज रीयुनियन बेट ज्यावर आहे त्या तप्त स्थानावरून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून उष्ण द्रव्य वर येते त्या जागेवरून, जात होता. हे आपल्या काळ्या दगडातच नोंदलेले आहे. लाव्हा थिजताना त्यातील लोहखनिजांचे कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे रांगेत बसतात आणि तसेच राहतात. दख्खनच्या बहुतांश थरांतील कण सांगतात की दगड दक्षिण गोलार्धात थिजला आणि त्या वेळी पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आजच्या उलट होते. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटातील दगडही याला अपवाद नसावा.

रेल्वेलाइन्स

६ कोटी ६० लाख हा आकडा ऐकून मान डोलावली जाते, पण हाताला काही लागत नाही. मी रेल्वेत नोकरी केलेला माणूस, त्यामुळे मी तो अंतरात मोजतो. मुंबई ते सोलापूर लोहमार्गाने ४५५ किलोमीटर आहे आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. एक किलोमीटर म्हणजे एक कोटी वर्षे धरली, तर हिशेब आपोआप जुळतो. गाडी मुंबईहून सुटते तेव्हा पृथ्वी जन्मते आणि सोलापूर स्थानकात थांबते तो आजचा दिवस.

कल्याण येते तेव्हा ४०० कोटी वर्षांपूर्वीचा काळ असतो आणि खात्रीने दाखवता येईल असा सजीवांचा पुरावा अजून नसतो. कर्जत सोडून गाडी घाटाला लागते, तेथे ऑस्ट्रेलियात सापडलेले सूक्ष्मजीवांच्या थरांचे जीवाश्म येतात. त्यांचे वय सुमारे ३४८ कोटी वर्षे आहे. पुणे मागे पडल्यावर, उरुळीच्या अलीकडे, हवेत प्रथमच मुक्त प्राणवायू साठू लागतो. तोही सूक्ष्मजीवांनीच सोडलेला. त्यानंतर दौंड येते, भिगवण येते, कुर्डुवाडी येते आणि डोळ्यांना दिसेल असा एकही प्राणी खिडकीतून दिसत नाही. माढा मागे टाकून मोहोळकडे जाताना, साधारण ५४ किलोमीटर उरलेले असताना, शंख, कवच आणि पाय असलेले प्राणी एकदम गर्दी करतात. मोहोळ सोडल्यावर, २५ किलोमीटर उरलेले असताना, इतिहासातला सर्वांत मोठा संहार होतो आणि समुद्रातील बहुसंख्य प्रजाती नाहीशा होतात. त्याच्या पुढच्याच पट्ट्यात डायनासोर येतात आणि बाळ्याच्या पुढेमागे संपतात. आमच्या धागाकर्त्यांचा तांबडा पट्टा तेथलाच.

आपली मानवजात फलाटावरच्या शेवटच्या तीस मीटरमध्ये मावते, म्हणजे एका डब्याहून जराशी जास्त. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचा काळ बफरपासून वीतभरसुद्धा लांब नाही. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये चढून गाढ झोपणाऱ्याने मात्र समाधान मानावे, कारण ज्या भागात तो झोपलेला असतो तेथे पाहण्यासारखे बहुतेक चिखल आणि शेवाळासारखे थर होते.

जुळे सोलापूर

रेल्वेचा हिशेब अप्रतिम आहे, परंतु त्यातून माझी जुनी तक्रार अधिकच तीव्र होते. शेवटचे साडेसहा किलोमीटर सोडले, तर आपल्या जिल्ह्याकडे या प्रवासाचा एकही पुरावा नाही. कच्छला जीवाश्म आहेत, जबलपूरला आहेत, चंद्रपूरला आहेत, आमच्याकडे दगड. लाव्हाने आधीचे सगळे झाकून टाकले असेल, तर त्याच्याखाली काय आहे हे कोणी पाहिले आहे का?

खडकवाचक

पाहिले आहे, आणि त्यामागचे कारण आपल्या सर्वांना आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा सोलापुरातही लोक अंथरुणातून उठून रस्त्यावर आले होते. ज्या प्रदेशाला भूगर्भशास्त्रज्ञ स्थिर मानत होते तेथे असे का घडावे, हे समजून घेण्यासाठी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेतले गेले. वरचे ३३८ मीटर लाव्हाचे थर लागले. त्यांच्याखाली केवळ ८ मीटर गाळाचा थर होता. आणि त्याखाली थेट द्वीपकल्पाचा पाया, म्हणजे ग्रॅनाइटसारखा पट्टेदार खडक, जो २५० कोटी वर्षे किंवा त्याहून जुन्या गटातला आहे.

आता रेल्वेच्या भाषेत पाहा. पाया पुण्याच्या आसपासचा आणि त्यावरचा लाव्हा बाळ्याचा. मधल्या अडीचशे किलोमीटरच्या हिशेबाला तेथे आठ मीटर माती शिल्लक आहे. एवढ्या काळात काही घडले नाही असे नव्हे. जे साचले ते पुन्हा झिजून वाहून गेले. आपली तक्रार पुरावा नसल्याची आहे, पण ही पोकळीदेखील पुरावाच आहे. हा प्रदेश प्रदीर्घ काळ समुद्राच्या वर, उघडा आणि झिजत राहिला, हे ती सांगते.

शिवाय त्या पोकळीतले एक पान आपण रोज पायाखाली घेतो. सोलापुरातील जुन्या घरांत, स्वयंपाकघरात आणि अंगणात असलेली शहाबादी फरशी पाहा. ती कलबुर्गी जिल्ह्यातील चुनखडकाची आहे आणि हा चुनखडक ज्या खोऱ्यात साचला त्याला भूशास्त्रात आपल्याच भीमेचे नाव आहे. तो उथळ समुद्राच्या तळाशी साचला. लाव्हाचे आच्छादन दक्षिणेकडे जेथे संपते तेथे तो उघडा पडतो. पुष्कळ जण त्या फरशीत शंखशिंपले शोधतात आणि निराश होतात. न सापडणे स्वाभाविक आहे, कारण ती कवचधारी प्राण्यांची गर्दी होण्यापूर्वीच्या समुद्राची मानली जाते. फरशीवर पाणी टाकल्यावर करड्या-निळसर रंगात ज्या बारीक समांतर रेषा दिसतात, त्या त्या समुद्रातील शांत पाण्यात एकावर एक बसलेल्या गाळाच्या आहेत.

जुळे सोलापूर

फरशीबद्दलचे मला ठाऊक नव्हते. गेली चाळीस वर्षे मी तिच्यावर बसून भाकरी खात आहे.

माळावरचा

धागाकर्त्यांचा दुसरा प्रश्न अनुत्तरित आहे: त्या विश्रांतीच्या काळात येथे काय जगत होते? सोलापूरच्या पट्ट्यांतून मोठे जीवाश्म मिळालेले नसले, तरी त्याच लाव्हाच्या कडेला आणि थरांच्या मध्ये, जेथे तळी साचली होती, तेथे पुष्कळ काही मिळाले आहे. मुंबईत वरळीच्या टेकडीतल्या अशा थरातून लहान बेडकांचे सांगाडे मिळाले आणि त्यांचे वर्णन १८४७ मध्येच झाले. नागपूरजवळच्या टाकळीत गोड्या पाण्यातील गोगलगायी मिळाल्या. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगावकलान येथे दगड झालेली फळे, बिया आणि लाकूड इतके मिळाले, की वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांच्यापासून आजपर्यंत त्यांचा अभ्यास संपलेला नाही. हैदराबादला जाणाऱ्या गाडीत आपण विकाराबादवरून जातो. तेथून जवळच्या नासकलमध्ये उंदराएवढ्या सस्तन प्राण्याचे दात मिळाले आणि १९८८ मध्ये त्याची नोंद झाली. त्याला 'डेक्कनोलेस्टिस' असे नाव आहे. मला त्या नावाचा थोडा अभिमान वाटतो.

परंतु मला सर्वांत जवळचा वाटणारा पुरावा चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याचा आहे. तेथे लाव्हाच्या आधीच्या थरांत प्रचंड शाकाहारी डायनासोरांच्या हाडांबरोबर त्या काळची, दगड झालेली शेणेही मिळतात. गवताच्या पेशींमध्ये वाळूच्या काचेसारखे सूक्ष्म कण तयार होतात आणि प्रत्येक गटाच्या गवतात त्यांचा आकार निराळा असतो. या शेणांत तसे कण सापडले आणि २००५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. गवत हे डायनासोर संपल्यानंतर आले, असे तोपर्यंत मानले जाई. त्या शेणांनी ते खोडून काढले. आज आपल्या नान्नजच्या माळावर, १९७९ मध्ये माळढोकासाठी राखून ठेवलेल्या अभयारण्यात, कुसळीतून काळवीट चालत जाते, तेव्हा गवत आणि ते खाणारा मोठा प्राणी ही जोडी किती जुनी आहे हे मला आठवते. माळढोक मात्र आता तेथे शोधूनही दिसणे कठीण झाले आहे.

एक भर घालतो. गुजरातेतील धोली डुंगरी येथे डायनासोरच्या घरट्यात, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला साडेतीन मीटर लांबीचा साप मिळाला. तो दगड धनंजय मोहबे यांनी १९८० च्या दशकात शोधला होता. त्यात साप आहे हे नंतर ओळखले गेले आणि २०१० मध्ये त्याला 'सनाजे' हे नाव मिळाले. शेतात कोंबड्यांच्या खुराड्यात ज्याने साप पाहिला आहे, त्याला हे चित्र वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पार्क चौक

मग डायनासोर आमच्या या दगडानेच मारले, असे म्हणावे का? शाळेत उल्का शिकवली होती.

खडकवाचक

उल्का, किंवा अधिक अचूक म्हणजे लघुग्रह, हे उत्तर भक्कम आहे. १९८० मध्ये लुई व वॉल्टर अल्वारेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीतील त्या काळच्या चिकणमातीच्या थरात इरिडियमचे असाधारण प्रमाण दाखवले. हा धातू भूकवचात अत्यंत दुर्मीळ आणि अशनींत तुलनेने विपुल असतो. पुढे मेक्सिकोच्या युकाटान किनाऱ्यावर, चिक्शुलूब येथे, त्या वयाचे प्रचंड विवरही गाळाखाली सापडले. परंतु दख्खनचे उद्रेक त्याच्या आधी सुरू होऊन नंतरही चालू होते, हे तितकेच निश्चित आहे. मतभेद आहे तो त्यांच्या वाट्याबद्दल. बहुतेक संशोधक आज लघुग्रहाला मुख्य दोषी मानतात; लाव्हाबरोबर आलेल्या कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाच्या वायूंनी हवामान आधीच हेलकावे खात होते, असे म्हणणारेही आहेत. माझे मत पहिल्या बाजूकडे झुकते. २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा मोठा संहार मात्र सैबेरियातील अशाच लाव्हाशी जोडला जातो. तेथे लाव्हा कोळसा आणि क्षारांच्या थरांतून वर आला आणि त्यांना जाळत गेला. दगड तोच असला, तरी तो कशातून वाट काढतो यावर पुष्कळ अवलंबून असते.

आणि येथे सीनाकाठ यांचा पट्टा पुन्हा येतो. लाव्हाचे नेमके वय काढणे अवघड, कारण ज्यांतील युरेनियमवरून वय मोजतात ते झिर्कॉन नावाचे स्फटिक बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, जवळजवळ नसतात. पण दोन प्रवाहांमधल्या विश्रांतीत दुसरीकडच्या ज्वालामुखींची राख येऊन मातीत मिसळली आणि तिच्याबरोबर झिर्कॉनही आले. सह्याद्रीतील अशा तांबड्या पट्ट्यांतून गोण्याच्या गोण्या माती चाळून ते कण वेचले गेले. २०१९ मध्ये एकाच वेळी दोन गटांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झिर्कॉन मोजणाऱ्या गटाने सांगितले, की डायनासोरांच्या संहाराच्या आधी उद्रेकांची एक मोठी उसळी होती. लाव्हातीलच आर्गॉन वायूवरून वय काढणाऱ्या गटाने सांगितले, की बहुतांश लाव्हा संहारानंतर आला. दोघांच्या कालगणनेत फरक काही दहा हजार वर्षांचा आहे, म्हणजे रेल्वेच्या हिशेबात काही मीटरचा. त्या काही मीटरांत कोण आधी आणि कोण नंतर, हे ठरवण्याचे काम या गेरूवर आले आहे.

बोअरगाडी

चर्चा उत्तम चालली आहे, पण आमच्या धंद्यात हा पट्टा म्हणजे डोकेदुखी असते. बोअर घेताना काळ्या पाषाणात कितीही त्रास झाला तरी छिद्र उभे राहते. तांबडा लागला की तो पाणी पिऊन फुगतो आणि सुटतो, छिद्र ढासळते, आणि वेळेवर केसिंग टाकले नाही तर पाणबुडी मोटार खाली अडकते. मागे एका शेतकऱ्याची मोटार माझ्याच घाईमुळे दोनशे फुटांवर अशी गाडली गेली, तिची भरपाई मी दिली. दुसरी बाजूही सांगतो. पट्टा चिकणमातीचा असल्याने पाणी सहसा त्याच्यातून खाली उतरत नाही आणि वरच्या पाषाणाच्या भेगांतून आलेला पाझर त्याच्या डोक्यावर थांबतो. सीनाकाठ साहेब, विहिरीत पाणी कोठून येते ते पाहा. आणि पावसाळ्यापूर्वी त्या पट्ट्याला काँक्रीटची पट्टी मारून घ्या, नाहीतर तो आतून खचेल आणि वरचा पाषाण लटकता राहील.

सीनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल दुपारी विहिरीत उतरून बोअरगाडी यांनी सांगितले ते पाहिले. पाझर खरोखरच पट्ट्याच्या वरच्या काठाने येतो आहे. पूर्वेकडच्या बाजूला तर त्या रेषेवर ओळीने थेंब लोंबत होते आणि खालचा मांजऱ्या जवळजवळ कोरडा होता. काचेवर ओरखडा काढण्याची परीक्षाही केली. आमची गारगोटी नापास झाली.

वर नमूद झालेला क्रम मुकादमांना सांगितला, तेव्हा त्यांनी विचारले, की मग खालच्या मजल्याखाली आणखी किती मजले आहेत? किल्लारीचा आकडा सांगितल्यावर त्यांनी विहिरीच्या खोलीकडे एकदा पाहिले आणि तंबाखू मळायला घेतली.

काँक्रीटचे काम सोमवारी सुरू होईल. त्याआधी पट्ट्याला टेप लावून चारही बाजूंची छायाचित्रे काढली आहेत. ती मोठ्या आकारात हवी असल्यास कळवावे. जाडी सर्वत्र सारखी नाही. पश्चिमेला ती नऊ इंच भरते आणि पूर्वेकडे पाचवर येते.

जुळे सोलापूर

छायाचित्रे अवश्य टाका. आणि एक लक्षात आले का? आपल्या भागात येणारे पुष्कळसे सिमेंट भीमेच्या त्याच चुनखडकापासून होते, ज्याची आमची फरशी आहे. म्हणजे सोमवारी तुमच्या विहिरीत जुना समुद्र नव्या मातीवर लिंपला जाणार.

खडकवाचक

जाडीतला फरक महत्त्वाचा आहे. पश्चिमेला त्या वेळी सखल जागा असावी आणि माती वाहून तेथे साचली असावी. काम सुरू होण्यापूर्वी पश्चिमेकडचा मूठभर नमुना पट्ट्याच्या अगदी वरच्या काठाचा आणि मूठभर तळाचा, असा वेगवेगळ्या पिशव्यांत काढून ठेवा आणि पिशवीवर खोली लिहा. वरचा काठ भाजलेला असल्याने अधिक कडक आणि गडद लागेल. तसा तो लागतो का, तेवढे कळवा.